पुढची पट्टी

बाईंचा स्वभाव जन्मापासून संशयी नव्हता, तो नोकरीनं केला. निदान त्यांचं स्वतःचं म्हणणं तसं होतं. त्यांच्या सख्ख्या बहिणीला विचाराल तर ती सांगेल, पाळण्यातसुद्धा ही आधी दुधाचा वास घ्यायची आणि मगच तोंड उघडायची.

ते काही असो. सारी हयात बाईंनी इस्पितळाच्या फोटो विभागात काढली. आधी साध्या एक्स-रेवर, मग एमआरआयवर, आणि निवृत्त झाल्या तेव्हा त्या खोलीत त्यांच्या शब्दाबाहेर मशीनसुद्धा जात नसे. "श्वास घ्या, धरा, सोडा," असं त्यांनी इतक्या माणसांना सांगितलं होतं की पाठीमागे त्यांचं नाव 'धरासोडा' पडलं होतं. काचेच्या खिडकीतून त्यांनी नाना तऱ्हेची माणसं पाहिली. रजा हवी म्हणून कंबर धरणारे, घरात धाक राहावा म्हणून छाती धरणाऱ्या, टेबलावर चढताना विव्हळणारे आणि बाहेर पडल्यावर बस पकडायला धावत सुटणारे. बाईंचा हिशेब सरळ होता. माणूस खोटं बोलेल, फोटो बोलणार नाही. फोटोत दिसेल ते दुखणं, बाकीचं सोंग.

तर अशा बाईंच्या घरात सुनेची छाती दुखायला लागली.

सून शाळेत चित्रकला शिकवायची. बाळंतपणापासून घरी होती. मुलगा पुलांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता, सकाळी गेला की दिवेलागणीला परतायचा. नात ठकी, नावाप्रमाणेच बाहुलीसारखी गोंडस, पण वजनानं बाहुलीसारखी मुळीच नाही. तिला कडेवर घेऊन दोन खोल्या फिरलं की बाईंचा खांदा बोलायला लागायचा. निवृत्तीनंतर बाईंनी पोहायला शिकायचं ठरवलं होतं. पोहण्याचा नवाकोरा पोशाख कपाटात पडून होता आणि बाई नातीला जोजवत होत्या.

कारण सून तिला उचलत नव्हती.

सकाळी सून अंथरुणातून उठायची ती आधी कुशीवर वळून, मग पलंगाची कड धरून, ओंडका सरकवावा तशी. ठकी पाळण्यात हात वर करून भोकाड पसरायची आणि सून म्हणायची, "आई, जरा घेता का तिला? छातीत कळ येतेय."

"छातीत म्हणजे कुठं?" बाई विचारायच्या. हा प्रश्न त्यांनी जन्मभर विचारला होता, आणि सोंग घेणारा इथंच चुकतो हे त्यांना ठाऊक होतं. तो तळहात साऱ्या छातीवर फिरवतो.

सून गळ्याच्या खळगीखाली एक बोट टेकवायची. "इथं. हाडावरच."

बोट नेमकं होतं, ही गोष्ट बाईंना खटकायला हवी होती. पण खटकलं ते दुसरंच. दुपार टळली की हीच सून मोकळी व्हायची. संध्याकाळी मैत्रीण खालून हाक मारायची आणि या बाईसाहेब झपाझप फिरायला. बाई गॅलरीत वाळलेले कपडे काढायच्या निमित्तानं उभ्या राहून पाळत ठेवायच्या. कोपऱ्यापर्यंत जाताना चाल जरा आखडलेली, परत येताना मात्र अशी की जणू दुसरीच कुणी येतेय. सकाळी मढं आणि संध्याकाळी घोडा! एका सुट्टीच्या दिवशी मुलगा कौतुकानं म्हणाला, "आज तू काही करू नकोस, नुसती पडून राहा." पडून राहिली, आणि उठली ती आणखीच वाकडी होऊन.

"आराम केला की दुखतं आणि भटकलं की थांबतं," बाई बहिणीला फोनवर म्हणाल्या, "असलं दुखणं बाई मी तरी पाहिलं नाही. पाणी कुठंतरी मुरतंय."

"अगं, दुखत असेल खरंच."

"दुखतं ना. कामाच्या वेळी दुखतं, गप्पांच्या वेळी नाही. शिंक आली की दोन्ही हात छातीवर दाबून अर्धी शिंक गिळते. इतकं नाटक तर नाटकातसुद्धा करत नाहीत."

बाईंचा कयास असा होता की सुनेला पोर सांभाळायचा कंटाळा आलाय, आणि सासूच्या गळ्यात पोर मारून ती शाळेत परत जायच्या बेतात आहे. तसं सरळ सांगितलं असतं तर बाई कदाचित हो म्हणाल्या असत्या. पण आपल्याला कुणी बनवतंय, या विचारानंच त्यांचं डोकं तडकायचं.

तपासण्या झाल्या. हृदयाचा आलेख ठीक निघाला, छातीचा एक्स-रे ठीक, रक्तही ठीक. शेवटी नेहमीचे डॉक्टर म्हणाले, पाठीच्या मणक्यात एखादी शीर दबली तर कळ पुढे छातीत येऊ शकते, कण्याचा एमआरआय करून बघू. बाईंनी लगेच फोन फिरवला. त्यांच्या जागेवर आता त्यांचाच पठ्ठ्या बसत होता. त्याला त्यांनी बोट धरून सारं शिकवलं होतं, आणि तो अजून बाईंचा फोन आला की खुर्चीतून उठून उभा राहायचा. त्यानं फोटो काढला. रिपोर्ट आला. कणा निर्दोष. मणके, मणक्यांमधल्या गाद्या, आतला मज्जारज्जू, सारं जिथल्या तिथं.

मुलगा रिपोर्ट हातात धरून स्वयंपाकघरात आला. सून आत ठकीला झोपवत होती.

"काय करायचं गं आई आता?"

"करायचं काय? हृदय ठीक, एक्स-रे ठीक, एमआरआय ठीक. मग उरलं काय?"

"काय?"

बाईंनी गॅस बंद केला. "पोर नकोशी झालीय तिला. दुसरं काही नाही."

हे वाक्य बोलायला नको होतं. पण जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही. मुलाचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. तो तसाच वळून आत गेला. ठकी नुकतीच डोळे मिटत होती, तिला त्यानं उचललं आणि बायकोसमोर जमिनीवर उभं केलं.

"उचल तिला," तो म्हणाला. "काही झालेलं नाही तुला. उचल."

ठकीला वाटलं खेळच चाललाय. तिनं हात वर केले. सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या सासूकडे पाहिलं. वाकली आणि तिनं पोरीला उचलून छातीशी घेतलं. तोंडातून आवाज आला नाही, फक्त ओठ पांढरे पडले. बाईंनी ते पाहिलं. पाहिलं आणि मनाशी म्हणाल्या, बघा, उचलता येतं की.

त्या दिवसापासून सुनेचं दुखणं बंद झालं. म्हणजे बोलण्यातलं. ती सकाळी मुकाट्यानं पोरीला उचलायची, मुकाट्यानं खाली ठेवायची. नवऱ्याशी कामापुरतं बोलायची, सासूशी तेवढंही नाही. बाईंना आधी वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पण संशयी माणसाला जिंकल्यावरही झोप लागत नाही. इतकी गप्प कशी? भांडली का नाही? नक्की काहीतरी शिजतंय.

शिजतच होतं. विहीणबाईंचा फोन आला.

"रविवारी येतेय मी. लेकीला आणि नातीला घेऊन जाते."

"या ना. किती दिवसांसाठी?"

"ते तिलाच विचारा. मला तर ती म्हणाली, कायमचंच बघू."

बाईंनी फोन ठेवला. ठकी जाणार! खांदा मोडणारी, पोहण्याचे बेत बुडवणारी ठकी. मुलाचा संसार मोडणार आणि विहीण साऱ्या नात्यागोत्यात सांगत फिरणार, सासूनं माझ्या लेकीला खोटं पाडलं. छे! खोटं कोण पाडतंय? पुरावा आहे. विहीणबाई येऊ देत, त्यांच्या डोळ्यांसमोर फोटोच धरते, बाई ठरवून मोकळ्या झाल्या.

दुपारी सून ठकीला आंघोळ घालत होती तेव्हा बाईंनी एमआरआयची सीडी काढली आणि मुलाच्या कॉम्प्युटरमध्ये घातली. विहिणीला नेमकं काय आणि कसं दाखवायचं याची रंगीत तालीम करायची होती. चित्र उघडलं. बाजूनं घेतलेला कणा, मणके एकावर एक रचलेले, मधल्या गाद्या टवटवीत. पठ्ठ्याचं काम स्वच्छ होतं. बाईंना अभिमानच वाटला.

मग त्यांची नजर चित्राच्या पुढच्या बाजूला गेली.

तिथं काळं होतं. मणक्यांच्या पुढे जिथं हृदय असतं, फुप्फुसं असतात आणि सगळ्यात पुढे छातीचं हाड असतं, तिथं वरपासून खालपर्यंत एक रुंद काळी पट्टी.

ही पट्टी म्हणजे चूक नव्हती. ती शिस्त होती, आणि ती बाईंनीच लावलेली होती. माणूस उताणा झोपतो, त्याचं हृदय धडधडतं, छाती वरखाली होते, आणि त्या हालचालीचे डाग मागच्या कण्याच्या फोटोवर पडतात. म्हणून सुरू करायच्या आधी मॉनिटरवर कण्याच्या पुढे एक चौकट आखायची. त्या चौकटीत जे येईल ते फोटोत मुकं होतं, काळं पडतं. कणा मात्र लख्ख येतो. झोपलेल्या माणसाला याचा पत्ताही नसतो. पठ्ठ्या नवा होता तेव्हा एकदा पट्टी विसरला, तर बाईंनी साऱ्या विभागासमोर त्याची अशी हजेरी घेतली होती की त्यानंतर तो जेवण विसरेल, पण पट्टी विसरणार नाही.

बाई पडद्याकडे पाहत राहिल्या. 'इथं. हाडावरच.' ते 'इथं' पट्टीखाली होतं. हृदयाच्या आलेखात हाड दिसत नाही. समोरून काढलेल्या एक्स-रेत ते हाड कण्याआड लपतं, हे तर एक्स-रे शिकणाऱ्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. आणि एमआरआयत त्याच्यावर बाईंची शिस्त पसरलेली. कणा निर्दोष, असं रिपोर्टात लिहिलं होतं आणि कणा निर्दोषच होता. 'एमआरआय ठीक' हे शब्द कुठल्याही डॉक्टरांचे नव्हते. ते बाईंचे होते.

न्हाणीघरातून ठकीचं खिदळणं ऐकू येत होतं. बाईंनी घाईघाईनं सीडी काढून पाकिटात घातली. कुणी पाहिलं नव्हतं. विहिणीला एमआरआयमधलं काय कळतंय? आणि पट्टीखाली काही नसेलच तर? नसण्याचाच संभव जास्त. मग उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? असं सगळं त्यांनी मनाशी मांडलं, आणि मांडता मांडता त्यांना स्वतःचाच संशय आला. पट्टीखाली काही नसावं असं मला का वाटतंय? त्या मुलीसाठी, की माझ्यासाठी? या प्रश्नाचं उत्तर त्यांना माहीत होतं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

सून ठकीला पुसत होती तिथं त्या गेल्या.

"तुझा पुन्हा फोटो काढायचाय मला."

सुनेनं मान वर केली नाही. "का?"

"आधीच्या फोटोत छाती आलीच नव्हती." आणि बाईंनी पट्टीचं सारं सांगितलं. सांगताना आपण विभागातल्या पोरांना शिकवतोय तसा आवाज लागतोय हे त्यांना कळत होतं, पण दुसरा आवाज सापडत नव्हता.

"म्हणजे तुम्हाला हे माहीत होतं?"

"माहीत होतं. लक्षात आलं नाही."

सून पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहू लागली. तो पाहण्याचा प्रकार बाईंना चांगला ओळखीचा होता. त्या स्वतः वर्षभर तिच्याकडे तसंच पाहत आल्या होत्या.

"आई, खरं सांगा. माझी आई यायच्या आत आणखी एक चांगला रिपोर्ट हवाय ना तुम्हाला? तिच्या तोंडावर मारायला?"

"नाही गं."

"कशावरून?"

कशावरूनही नाही. बाईंकडे पुरावा नव्हता. खरं बोलत असून समोरच्याला पटवता येत नाही म्हणजे काय, हे त्यांना या वयात कळत होतं.

"येते मी," शेवटी सून म्हणाली. "पण काहीही निघालं तरी रविवारी मी जाणार."

"जा. पण आधी चल."

पठ्ठ्यानं फोनवर ऐकून घेतलं आणि अदबीनं नाही म्हणाला. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणाला टेबलावर घ्यायचं नाही, ओळखीच्या माणसाला तर मुळीच नाही, हेही बाईंनीच शिकवलेलं. म्हणून मग दोघी सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. लहानशी खोली, टेबलावर हाडांचा एक हात, भिंतीला लावलेला अरुंद पलंग.

"बोला, काय होतंय?"

"काही नाही," सून म्हणाली. "थोडं दुखतं."

"कधी?"

"असंच. अधूनमधून."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत विचारलं, पण सून तोंड उघडेना. बाई खुर्चीत चुळबुळत होत्या. बोल ना, अगं बोल, असं त्यांना ओरडावंसं वाटत होतं. मग त्यांना उमगलं की ही बोलायची नाही. जिचं म्हणणं वर्षभर कुणी खरं मानलं नाही, ती आता कुणा परक्या बाईसमोर पुन्हा परीक्षेला कशाला बसेल? आता बोलायला एकच माणूस उरलं होतं. सगळं पाहिलेलं, पाळत ठेवून पाहिलेलं.

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "सकाळी सगळ्यात जास्त. कुशीवर वळल्याशिवाय उठता येत नाही. दुपारनंतर सुटते. पडून राहिली की वाढतं, फिरून आली की कमी. जाताना आखडलेली असते, येताना नसते. शिंक पूर्ण देत नाही, छाती दाबून धरते. मोठ्यानं हसायची, आता हसत नाही. गाडीत पट्टा लावला की अंगठा घालून तो छातीपासून लांब धरते. पोरीला उचलताना ओठ पांढरे होतात. बाळंतपणानंतर सुरू झालं."

आरोपपत्रातलं एकेक कलम त्या वाचत होत्या आणि डॉक्टरीणबाई मान डोलावत लिहून घेत होत्या. सून सासूकडे बघत राहिली होती.

"किती बारीक लक्ष आहे हो तुमचं सुनेकडे," डॉक्टरीणबाई कौतुकानं म्हणाल्या. "एवढी काळजी पोटच्या पोरीचीसुद्धा कुणी करत नाही."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं.

डॉक्टरीणबाईंनी सुनेला पलंगावर बसवलं आणि गळ्याखाली अंगठा सरकवत आणला. एका जागी येऊन दाबला मात्र, सून अशी दचकली की पलंग भिंतीवर आपटला.

"सांधा म्हटलं की लोक गुडघा दाखवतात," त्या हात मागे घेत म्हणाल्या. "पण छातीचं हाड एकसंध नसतं. त्यातही सांधा असतो, फासळ्या जोडल्या जातात तिथंही सांधे असतात. एका प्रकारच्या संधिवातात हे सांधे सुजतात. त्याची खूण हीच, आराम केला की आखडतं, हालचाल केली की मोकळं होतं. रक्तात काही दिसेलच असं नाही. म्हणून पुष्कळांना वाटतं, हा माणूस ढोंग करतोय."

बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन शनिवारी दोघी एमआरआयच्या खोलीत होत्या. तीच काच, तोच मॉनिटर, तोच थंडावा. पठ्ठ्यानं सवयीनं चौकट आखायला घेतली.

"पट्टी नको," बाई म्हणाल्या.

"नाही बाई, पुसतोच. पण छाती हलेल, डाग पडतील. पालथं झोपवावं लागेल. छाती टेबलाला दाबून राहिली की कमी हलते."

हे बाईंनाही ठाऊक होतं. पालथं म्हणजे साऱ्या अंगाचा भार त्याच हाडावर, आणि फोटो संपेपर्यंत हलायचं नाही. त्या आत गेल्या आणि सुनेला तसं सांगितलं.

"जमेल?"

"न जमलं तर सांगू कुणाला?" सून म्हणाली आणि टेबलावर पालथी झाली.

दार बंद झालं. मशीनचे ठोके सुरू झाले. काचेतून सुनेच्या पायांचे फक्त तळवे दिसत होते. बाईंनी माइकचं बटण दाबलं. या बटणावरून त्यांनी जन्मभर हुकूम सोडले होते. हलू नका, बोलू नका, श्वास धरा. आता मात्र घशातून निघालं ते वेगळंच.

"दुखतंय का गं?"

आतून आवाज आला. "हो."

"खूप?"

"खूप."

"थांबवायचं का?"

"नको. येऊ दे फोटोत."

तळवे हलले नाहीत. बोटं तेवढी आत वळली आणि तशीच राहिली. बाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. पठ्ठ्या मॉनिटरकडेच पाहत होता, त्याला बाईंकडे पाहायचं धाडस होत नव्हतं.

पहिली चित्रं उमटली. या प्रकारच्या चित्रात निरोगी हाड करडं दिसतं आणि सूज पांढरी. छातीचं हाड वरून खाली करडं उतरत आलं होतं, आणि गळ्याच्या खळगीखाली, जिथं दोन तुकडे जुळतात, तिथं सांध्याच्या दोन्ही कडा पांढऱ्याशुभ्र पेटल्या होत्या. शेजारच्या दोन फासळ्यांची टोकंसुद्धा. शिकाऊ पोरालाही दिसावं इतकं लख्ख. पठ्ठ्यानं फोन करून फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं. ते आले, पाहिलं आणि म्हणाले, "बरीच जुनी सूज दिसतेय. कशी सहन केली यांनी?"

बाई आत गेल्या. सून टेबलाच्या कडेला हळूहळू उठून बसत होती. गालावर टेबलाच्या गादीचे वळ उमटले होते.

"दिसलं," बाई म्हणाल्या.

"काय दिसलं?"

"सूज आहे. तू म्हणत होतीस तिथंच. खूप आहे."

सुनेला रडू फुटेल, ती गळ्यात पडेल, निदान हुश्श म्हणेल, असं बाईंना वाटलं होतं. तसलं काही झालं नाही.

"हे मी तुम्हाला वर्षभर बोटानं दाखवत होते, आई," सून म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"चुकलं माझं."

सुनेनं पायात चपला सरकवल्या आणि ती दाराकडे निघाली.

घरी मुलगा रिपोर्ट वाचून डोकं धरून बसला. मग म्हणाला, "आई, तूच म्हणालीस ना, काही नाही म्हणून?"

"मी म्हणाले. ते पाप माझं, मी फेडीन," बाई म्हणाल्या. "पण 'उचल' हे तू म्हणालास. तिचा नवरा मी नव्हते. तुझं तू निस्तर."

रविवारी विहीणबाई कंबर कसून आल्या. भांडणाची सगळी तयारी होती. पण त्या बसायच्या आत बाईंनीच सांगून टाकलं की तुमच्या लेकीचं दुखणं खरं होतं, मी तिला खोटं ठरवलं, आणि ज्या फोटोच्या जोरावर ठरवलं त्यात छातीच नव्हती. विहीणबाईंनी आणलेलं एकही वाक्य उपयोगी पडेना. सून ठरल्याप्रमाणे गेली. ठकी रिक्षातून हात हलवत होती, तिला हा फिरायला जाण्यातलाच प्रकार वाटत होता. घर इतकं शांत झालं की नळाचं ठिबकणंही ऐकू यायला लागलं.

इंजेक्शनं सुरू झाली. मुलगा दर सुट्टीला सासरी जायचा. कधी हसत परतायचा, कधी न जेवता झोपायचा. बाई काही विचारत नसत. जायचं त्यांच्या फार मनात होतं, पण कोणतं तोंड घेऊन जाणार? असे बरेच महिने गेले. मग एके दिवशी पठ्ठ्याचा फोन आला.

"बाई, वहिनींचा फोटो पुन्हा काढला आज. पांढरं सगळं गेलं. एकदम स्वच्छ!"

बाईंनी त्याला दोनदा विचारून घेतलं, पट्टी नव्हती ना? पालथंच झोपवलं होतंस ना? आणि खात्री पटल्यावर साडी बदलली आणि कुणाला न कळवता विहिणीच्या घरी निघाल्या.

दार सुनेनंच उघडलं. तब्येत सुधारली होती, चेहऱ्यावर रंग होता. पण एक हात चौकटीवर टेकलेला आणि खांदे जरा पुढे वळलेले.

"या," ती म्हणाली, पण दारातून हलली नाही. "आई बाहेर गेलीय. फोटोचं कळलं असेल तुम्हाला."

"कळलं. स्वच्छ आलाय."

"हो." सून थांबली. मग एकेक शब्द मोजून टाकावा तशी म्हणाली, "पण दुखतंय मला. रोज नाही दुखत आता. आज दुखतंय."

आणि ती सासूच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. कुठं काय हलतंय, डोळ्यांत काय येतंय, सगळं टिपून घेत.

बाईंच्या ओठांवर प्रश्न आलाच होता. फोटोत नाही, मग दुखतंय कसं? सूज गेली तरी दुखणं मागे रेंगाळतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पण बाईंना त्या क्षणी ते आठवलं नाही, आणि आठवून उपयोगही नव्हता. फोटो स्वच्छ होता, तो पठ्ठ्यानं काढला होता, आणि त्यात काहीएक झाकलेलं नव्हतं. यावेळी हातात होता तो फक्त या मुलीचा शब्द. हवा तर घ्या, नको तर टाका.

बाईंनी प्रश्न गिळला.

"ठकी कुठंय?"

"झोपलीय. उठेल आता."

"उठली की मी घेते तिला," बाई म्हणाल्या. "तू पड जरा. नको, नको, पडू नकोस, आखडशील. खाली जाऊन फिरून ये. फिरलं की बरं वाटतं तुला."

सुनेनं चौकटीवरचा हात काढला आणि बाजूला सरून सासूला आत घेतलं. चपला घातल्या, आणि ठकीला सासूच्या हवाली करून ती जिना उतरून गेली.